चिनी वैद्यकातील हिवताप आणि नोबेलचा अर्धवट दाखला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की थंडीतापावरच्या उपायांचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एका युक्तिवादाची भर पडली आहे. चीनच्या प्राचीन वैद्यकाने हिवतापावरचे औषध केव्हाच शोधून ठेवले होते, त्यालाच २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा पारंपरिक काढ्याबद्दल शंका घेण्याचे कारणच उरत नाही, असे त्यात सांगितलेले असते. त्याला उत्तर देणारे सहसा दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात की जुन्या पोथ्यांत एक झाडपाला योगायोगाने नोंदलेला होता, बाकी सगळ्या भाकडकथा आहेत. आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचे शास्त्र, शिकवत असताना मी शेजारच्या देशातील या परंपरेकडे ओढले गेले आणि तिचे ग्रंथ, भाषांतरांतून का होईना, वाचत आले. दोन्ही बाजू ज्या ग्रंथांच्या नावाने भांडतात त्यांत हिवतापाविषयी नेमके काय लिहिले आहे हे कोणी पाहत नाही, असे माझे मत झाले आहे. त्यामुळे जुन्या चिनी वैद्यांवर अन्याय होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आजच्या रुग्णांचे नुकसान होते.

चिनी वैद्यकात थंडी वाजून ठरावीक वेळाने येणाऱ्या तापाला ‘न्युए’ म्हणतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइचिंग’ या मूलग्रंथातील ‘सूवन’ विभागात या तापाला सलग दोन अध्याय दिलेले आहेत, पस्तिसावा कारणांचा आणि छत्तिसावा सुईने करायच्या उपचारांचा. पीतसम्राट प्रश्न विचारतो आणि छीबो नावाचा त्याचा वैद्य-मंत्री उत्तर देतो, अशी मांडणी आहे. त्यातील रोगवर्णन आजही कोणत्याही डॉक्टरला पटेल. ताप येण्याआधी अंगावर काटा उभा राहतो, रुग्ण आळोखेपिळोखे देतो, जांभया देतो. मग हुडहुडी भरून दातांवर दात आपटू लागतात, कंबर आणि पाठीचा कणा ठणकतो. थंडी ओसरली की आतबाहेर आग होते, डोके फुटेल असे दुखते आणि थंड पाण्याची तहान लागते. पुढे छीबो सांगतो, की थंडी भरलेली असताना गरम पाणी आणि शेकोटी यांनी ऊब येत नाही, ताप चढलेला असताना बर्फाच्या पाण्यानेही तो उतरत नाही, आणि अशा वेळी निष्णात वैद्यालाही तो थांबवता येत नाही. त्याचा जोर आपोआप कमी होईपर्यंत थांबावे लागते. वैद्यकाच्या ग्रंथात वैद्याची असमर्थता इतक्या सरळ शब्दांत नोंदलेली पाहून मला या लेखकांविषयी फार आदर वाटतो.

या तापाचे खरे कोडे त्याच्या वेळापत्रकाचे आहे. काही रुग्णांना ताप रोज येतो, काहींना एक दिवसाआड, काहींना त्याहून अधिक दिवसांच्या अंतराने, आणि मधल्या काळात माणूस चालतो-फिरतो. मग तो ताप त्या वेळी जातो कुठे? ‘सूवन’चे उत्तर असे आहे. उन्हाळ्यात शरीरात शिरलेली उष्णता त्वचेच्या आत दडून बसते, शरद ऋतूत घाम आलेल्या अंगाला वारा लागला की तिच्यात त्याची भर पडते, आणि शरीराचे रक्षण करणारी ‘ची’ (चिनी वैद्यकात मानलेली प्राणशक्ती) आपल्या रोजच्या फेरीत जेव्हा या दडलेल्या दोषाला भेटते, तेव्हा त्यांची झुंज होऊन ताप येतो. दोष वरच्या थरात असेल तर भेट रोज होते. तो आत, आतड्यांजवळच्या पडद्यांपर्यंत उतरला असेल तर रक्षक ‘ची’बरोबर त्याला रोज बाहेर येता येत नाही आणि ताप एक दिवस सोडून येतो. काही रुग्णांचा ताप रोज थोडा उशिरा का येतो, याचेही स्पष्टीकरण दिले आहे : दोष मानेच्या मुळापासून रोज एकेक मणका खाली सरकत जातो, म्हणून भेटीची वेळ लांबते, आणि माकडहाडापर्यंत पोचून तो पुन्हा वर येऊ लागला की ती अलीकडे येते. आधी थंडी आणि मग ताप असा एक प्रकार, आधी ताप आणि मग थंडी असा दुसरा, आणि नुसताच ताप असलेला तिसरा, असे भेदही तेथेच केलेले आहेत.

आपल्याकडे चरक आणि सुश्रुत यांनी विषमज्वराचे (म्हणजे टायफॉइडचे नव्हे, उलटून उलटून येणाऱ्या तापाचे) संतत, सतत, अन्येद्युष्क (रोज येणारा), तृतीयक (एक दिवसाआड येणारा) आणि चतुर्थक (दोन दिवसांआड येणारा) असे प्रकार सांगितले ते याच कोड्यातून. जमिनीत पडलेले बी योग्य काळ आला की उगवते, तसा धातूंत दडलेला दोष आपल्या वेळी उसळतो, असे चरकसंहितेचे उत्तर आहे. दोन्ही परंपरांतील वैद्यांनी तापाचे दिवस काळजीपूर्वक मोजले होते आणि दोघांनीही मधल्या निरोगी दिवसांत रोग संपलेला नसून लपलेला असतो हे ओळखले होते. हे निरीक्षण बरोबर ठरले. त्यामागचे कारण मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते आणि ठाऊक असणे शक्यही नव्हते, कारण ते कारण सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी अल्जीरियात १८८० साली रुग्णाच्या रक्तात परोपजीवी पाहिला. त्यानंतर काही वर्षांत इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जी यांनी दाखवले की या जंतूंची एक पिढी तांबड्या पेशी फोडून एकदम बाहेर पडते तेव्हा थंडी भरते, आणि ही पिढी जातीनुसार ४८ किंवा ७२ तासांत पुरी होते. आणि १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना तो जंतू डासाच्या जठरात सापडला. मणक्यांवरून सरकणारा दोष आणि ४८ तासांचे चक्र या एकाच गोष्टीच्या दोन परिभाषा आहेत, असे हल्ली काही उत्साही मंडळी लिहितात. ते मला मान्य नाही. निरीक्षण खरे आणि उपपत्ती चुकीची, हे दोन्ही एकाच वेळी म्हणता येते, आणि तसे म्हणण्यात त्या वैद्यांचा कसलाही अपमान नाही. शिवाय ‘न्युए’ म्हणून नोंदलेला प्रत्येक ताप मलेरियाच होता असेही नाही; काळा आजार, उलटून येणारे दुसरे ताप, पोटातले गळू यांचे रुग्णही त्याच नावाखाली आलेले असणार. उलट फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा मलेरिया पुष्कळदा कोणतेही वेळापत्रक पाळत नाही.

उपचारांकडे वळायचे तर इसवी सन २००च्या सुमारास होऊन गेलेल्या चांग चुंगचिंग या वैद्यापासून सुरुवात करावी लागते. ‘न्युए’च्या रुग्णाची नाडी धनुष्याच्या ताणलेल्या दोरीसारखी लागते, ती जलद असेल तर उष्णता अधिक आणि मंद असेल तर थंडी अधिक, असा त्याचा नियम आहे. हा ताप पंधरा दिवसांत किंवा फार तर महिन्यात गेला नाही तर बरगड्यांखाली एक गोळा धरतो, त्याला ‘न्युएची माता’ म्हणतात आणि त्यावर तातडीने उपचार करावेत, असे त्याने लिहून ठेवले. हा गोळा म्हणजे बहुतांशी वाढलेली प्लीहा, हे ओळखायला आज अडचण पडत नाही. एकोणिसाव्या शतकात भारतात मुलांच्या प्लीहा चाचपूनच एखाद्या गावात हिवताप किती आहे ते ठरवले जाई. त्यावर चांग चुंगचिंगने सांगितलेल्या गोळीत मऊ पाठीच्या कासवाचे कवच हे मुख्य द्रव्य असून वनस्पती, खनिजे आणि किडे धरून वीसहून अधिक घटक आहेत. आलटून पालटून थंडी आणि ताप येतो, तोंड कडू होते, बरगड्यांखाली जड वाटते अशा अवस्थेसाठी त्याचा ‘छायहू’ या मुळाचा सात घटकांचा काढा प्रसिद्ध आहे, ज्यात आले आणि ज्येष्ठमधही पडतात. रोग ना पुरता बाहेर ना पुरता आत, म्हणून त्याला घाम काढून किंवा रेच देऊन घालवू नये, मध्यस्थी करून शमवावे, अशी नंतरच्या टीकाकारांनी त्याची संगती लावली.

दक्षिणेचा भूगोल या वैद्यकावर पक्का उमटलेला आहे. ‘लिंगनान’ म्हणजे आजचा क्वांगतुंग आणि क्वांगशी प्रांतांचा उष्ण, दमट, डोंगराळ टापू उत्तरेकडच्या अधिकाऱ्यांना यमलोकच वाटे. इ.स. ६१०मध्ये सिद्ध झालेल्या छाव युआनफांगच्या रोगनिदानग्रंथात डोंगरातल्या विषारी वाफेमुळे होणाऱ्या ‘न्युए’चे वेगळे प्रकरण आहे आणि तो लिंगनानमध्ये होतो असे स्पष्ट सांगितले आहे. वाफ जिथे दाटते ती दरीतली, साचलेल्या पाण्याची जागा डासांचीही असते. त्यामुळे रोगाचा नकाशा अचूक निघाला, कारण तेवढे चुकले. पुढे मिंग राजवटीच्या अखेरीस, १६४१च्या साथीनंतर, वू यूशिंग याने साथीच्या तापांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि वारा, थंडी, उष्णता या नेहमीच्या कारणांनी साथी होत नाहीत, नाका-तोंडावाटे शिरणारा काही वेगळाच दूषित अंश त्याला कारण असतो, असा धाडसी विचार मांडला. आतल्या पडद्यांमध्ये दडलेल्या त्या अंशाला हलवण्यासाठी त्याने दिलेल्या काढ्यातले पहिले द्रव्य आपल्या ओळखीचे आहे, सुपारी. हाच काढा पुढे ‘न्युए’वरही सर्रास दिला गेला.

वरच्या सगळ्या उपचारांत रुग्णाच्या लक्षणसमूहाप्रमाणे औषध बदलते. पण चिनी परंपरेत आणखी एक धारा होती, तिला ‘ताप तोडणे’ म्हणत. ‘सूवन’मध्येच सांगितले आहे की उपचार तापाच्या पाळीआधी, एक जेवण होण्याइतका वेळ शिल्लक असताना करावा, ती वेळ टळली की संधी गेली. मानेच्या तळाच्या मणक्याखाली आणि मनगटाच्या वर ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचण्याची वेळही पाळीआधीची, साधारण दोन तासांची, सांगतात. ताप तोडण्याच्या औषधांत सर्वांत जोरकस ‘छांगशान’, म्हणजे डिक्रोआ फेब्रिफ्युगा या झुडपाचे मूळ. त्याने ताप थांबे, पण उलट्या इतक्या होत की ते मद्यात भिजवून परतून घेण्याची आणि सोबत सुपारी, मोठ्या वेलदोड्याच्या जातीचे ‘चावग्वो’ यांसारखी द्रव्ये घालण्याची पद्धत पडली. सोमलाचाही (आर्सेनिकचाही) वापर होई, आणि त्याने किती जणांचा जीव गेला असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ‘परंपरागत म्हणजे निर्धोक’ असे समजणाऱ्यांनी हे दोन पदार्थ लक्षात ठेवावेत.

छांगशानची परीक्षा आधुनिक काळात दोनदा झाली. दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२ साली जावा बेट घेतले आणि जगाला होणारा क्विनीनचा पुरवठा जवळजवळ बंद पडला, तेव्हा चुंगछिंगला हलवलेल्या चिनी सरकारने पर्याय म्हणून त्याच्यावर संशोधन करवून घेतले. त्याच दशकात त्यातील फेब्रिफ्युजिन हे क्रियाशील द्रव्य (अल्कलॉइड) वेगळे झाले. ते मलेरियाच्या जंतूंना खरोखरच मारते, असे आढळले. आणि त्याने होणाऱ्या उलट्याही खऱ्याच निघाल्या. पुन्हा १९६७नंतर त्याच्यावर काम झाले, तरी सोसवेल असे औषध त्यातून निघाले नाही. म्हणजे जुन्या वैद्यांनी गुण आणि दोष दोन्ही अचूक नोंदले होते. असे असूनही हे मूळ फिरत्या संदेशांत कधी दिसत नाही, कारण त्याला पारितोषिक मिळालेले नाही.

क्विनीनचे नाव निघालेच आहे तर एक प्रसंग सांगते. सम्राट खांगशी याला १६९३ साली हिवताप झाला. दरबारातल्या जेझुइट धर्मोपदेशकांनी क्विनीन जिच्यातून मिळते ती सिंकोनाची साल देऊ केली, पण सम्राटाला ती लगेच दिली गेली नाही. आधी काही आजारी माणसांना आणि नंतर धडधाकट दरबाऱ्यांना ती देऊन पाहिली, आणि मगच सम्राटाने घेतली. तो बरा झाला. परक्यांचे औषध म्हणून ते नाकारले गेले नाही आणि धर्मगुरूंनी दिले म्हणून डोळे मिटून घेतलेही गेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता नोबेलकडे येते. व्हिएतनाम युद्धात क्लोरोक्विन या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या मलेरियाने सैनिक मरत होते, म्हणून उत्तर व्हिएतनामच्या विनंतीवरून चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त संशोधन योजना सुरू केली आणि तारखेवरून तिला ‘५२३’ असे नाव पडले. तिच्यात सुमारे साठ संस्था आणि पाचशेहून अधिक संशोधक गुंतले होते. ज्यांना पुढे ते नोबेल मिळाले त्या बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक अकादमीतील तू यूयू जानेवारी १९६९मध्ये तिच्यात आल्या. त्यांच्या गटाने ग्रंथ आणि वृद्ध वैद्य यांच्याकडून सुमारे दोन हजार पाठ, म्हणजे औषधांच्या कृती, गोळा केले, त्यांतले ६४० निवडून छापले आणि दोनशेच्या आसपास वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. बहुतेक निरुपयोगी निघाले. मिऱ्याच्या अर्काने उंदरांत आशा दाखवली आणि माणसांत निराशा केली. ‘छिंगहाव’ या सुगंधी वनस्पतीचा अर्कही एकदा चांगला उतरला आणि पुढच्या चाचण्यांत ढेपाळला.

त्यांनी पुन्हा ग्रंथ उघडले. चौथ्या शतकातील ग हुंग या ताओपंथी वैद्याने संकटकाळी हाताशी असावेत म्हणून लिहिलेल्या पाठांच्या संग्रहात ‘न्युए’वर चाळीसहून अधिक उपाय आहेत. त्यांत छांगशानचे पाठ पुष्कळ आहेत, आणि कोंबडा छातीशी धरून त्याला मोठ्याने ओरडायला लावण्यासारखे तोडगेही आहेत. त्याच गर्दीत एक ओळ अशी आहे : मूठभर छिंगहाव घ्यावा, दोन ‘शंग’ (एक चिनी माप) पाण्यात भिजवावा, पिळून रस काढावा आणि सगळा पिऊन टाकावा. येथे काढा उकळलेला नाही. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असे तू यूयू यांच्या मनात आले आणि त्यांनी ३५ अंशांना उकळणाऱ्या ईथरमध्ये, मुख्यतः पानांचा, अर्क काढला, त्यातला आम्लधर्मी विषारी भाग वेगळा केला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील सर्व जंतू नाहीसे झाले. पुढच्या उन्हाळ्यात तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः रुग्णालयात दाखल होऊन घेतला, मग हायनान बेटावर आणि बीजिंगला रुग्णांना दिला. त्याच वर्षी त्यातून शुद्ध स्फटिक मिळाले. त्या स्फटिकाला आज जग आर्टेमिसिनिन म्हणते. त्याच्या रेणूत प्राणवायूच्या दोन अणूंचा एक पूल असतो. जंतू रक्तातील हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा मोकळ्या होणाऱ्या लोहाशी तो पूल तुटतो आणि त्यातून तयार होणारे घटक जंतूची प्रथिने निकामी करतात. चीनमधल्याच युन्नान, शानतुंग, शांघाय, क्वांगचौ येथील गटांनी शुद्धीकरण, रचना, नवी संयुगे आणि मोठ्या चाचण्या यांत घातलेली भर विसरता कामा नये. क्वांगचौचे ली ग्वोछ्याव यांनी या योजनेत सुरुवातीला सुईने मलेरिया बरा होतो का ते पाहिले होते. तो होत नाही, असे दिसल्यावर ते औषधांच्या चाचण्यांकडे वळले आणि त्या कामात अग्रणी ठरले.

या हकिकतीतून परंपरेच्या वाट्याला किती श्रेय जाते? माझ्या मते बरेच जाते, पण संदेशांत सांगतात त्या स्वरूपात जात नाही. परंपरेने हजारो वनस्पतींतून दोनेकशे नावे दिली, एका ओळीत एक कृती दिली आणि ‘ही थंडीतापावर दिली जाते’ अशी सोळाशे वर्षे टिकलेली नोंद दिली. यिन-यांग, रक्षक ‘ची’, नाडीची ताण या उपपत्तीचा आर्टेमिसिनिन शोधण्यात काही वाटा नव्हता. ग हुंगची ती ओळसुद्धा उपपत्तीतून आलेली नाही, ती अनुभवाची नोंद आहे. आणि ज्या संग्रहात ती होती तिथेच कोंबड्याचा तोडगाही होता. दोहोंतला फरक पुस्तक वाचून कळत नव्हता, तो उंदरांवरच्या आणि माणसांवरच्या चाचणीने कळला. यात ग हुंगचा मोठेपणा कमी होत नाही, कारण त्याने जे ऐकले-पाहिले ते लिहून ठेवले, त्या काळी त्याहून अधिक कोणी करू शकत नव्हते.

आता आपल्याकडच्या प्रश्नाकडे येते, कारण त्यासाठीच लेखणी उचलली. छिंगहाव म्हणजे आर्टेमिसिया ॲन्युआ. आपला दवणा, जो जोतिबाला वाहतात, तोही आर्टेमिसिया याच प्रजातीतला. एवढ्यावरून दवण्याचा काढा हिवतापावर चालतो असे सांगणारे मला भेटले आहेत. एका प्रजातीत मोडणाऱ्या वनस्पतींची रसायने एकच असतात असे नाही. छिंगहावच्या नावाखाली चीनमध्येही शतकानुशतके एकाहून अधिक वनस्पती वापरल्या गेल्या आणि त्यांतल्या दुसऱ्या जातीत हे द्रव्य नाही. खऱ्या ॲन्युआच्या वाळलेल्या पानांतही ते बहुधा एक टक्क्याहून कमी असते, रोपाचे वाण आणि तोडणीचा काळ यांनुसार बदलते, आणि पाण्यात नीट विरघळत नाही. चहासारखा काढा प्यायल्याने जंतू अर्धवट मरतात, रुग्णाला चार दिवस बरे वाटते, ताप उलटतो आणि शिल्लक राहिलेल्या जंतूंना औषधाची सवय होते. आर्टेमिसिनिनला सावकाश दाद देणारे जंतू आग्नेय आशियात कंबोडिया-थायलंड सीमेवर आधीच सापडले आणि नंतर आफ्रिकेतही दिसले आहेत. याच भीतीने जागतिक आरोग्य संघटना या वनस्पतीचा काढा किंवा पावडर उपचारासाठी वापरू नये असे सांगते, आणि शुद्ध आर्टेमिसिनिनही एकटे न देता दुसऱ्या, रक्तात जास्त काळ राहणाऱ्या औषधाच्या जोडीनेच द्यावे असा तिचा आग्रह आहे. भारतातही फॅल्सिपेरम मलेरियावर अशीच जोडगोळी तीन दिवस दिली जाते. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीच्या मलेरियात मात्र क्लोरोक्विनच चालते आणि यकृतात दडून राहिलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण काही व्यक्तींना आणि गरोदर स्त्रियांना ते अपायकारक असते. ताप उतरला की गोळ्या सोडून देणारे रुग्ण मी इतके पाहिले आहेत की चौदा दिवसांचा हा आकडा ठळक छापावा अशी विनंती आहे. जंतूची जात कोणती हे रक्ताच्या तपासणीशिवाय कळत नाही. गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्यावर असो की मुंबईतल्या बांधकामावर, थंडी वाजून ताप आला की पहिले काम रक्त तपासण्याचे.

चीनचा दाखला द्यायचाच असेल तर तो पुरा द्यावा. १९४०च्या दशकात तेथे दरवर्षी सुमारे तीन कोटी लोकांना मलेरिया होई; ३० जून २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने चीन मलेरियामुक्त झाल्याचे जाहीर केले. हे काढ्याने झाले नाही. कीटकनाशकांची फवारणी, औषधी मच्छरदाण्या, साचलेल्या पाण्याचा बंदोबस्त, आणि शेवटच्या टप्प्यात रुग्ण सापडल्यापासून एका दिवसात नोंद, तीन दिवसांत तपास आणि सात दिवसांत त्या वस्तीत प्रतिबंधाचे काम, या शिस्तीने ते झाले. भारताने २०३०पर्यंत हेच साधायचे ठरवले आहे.

एक मुद्दा माझ्या स्वतःच्या क्षेत्रासाठी. आयुर्वेदातही सप्तपर्ण, कुटकी, किराततिक्त आणि सागरगोटा यांपासून केलेले ‘आयुष-६४’ हे औषध मलेरियासाठी तयार झाले होते. व्हायव्हॅक्सच्या रुग्णांवर त्याची क्लोरोक्विनशी तुलना करणारी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली आणि त्यात ते क्लोरोक्विनच्या बरेच मागे पडले. हा निकाल लपवण्यासारखा मुळीच नाही. बीजिंगच्या त्या ३८० अर्कांतले बहुतेक अर्क असेच नापास झाले होते, आणि त्या नोंदी ठेवल्या गेल्या म्हणूनच पुढच्यांना कुठे शोधायचे नाही ते कळले. तरीही सप्तपर्णाचे विषमज्वरघ्न गुण शिकवताना या चाचणीचा उल्लेख वर्गात फारसा होत नाही. आयुर्वेद महाविद्यालयांनी तो अभ्यासक्रमात घ्यावा, आणि आपल्या आरोग्य पुरवणीत चिनी किंवा भारतीय वनौषधीवर मजकूर येईल तेव्हा त्या औषधाची रुग्णांवर चाचणी झाली आहे का आणि तिचा निकाल काय लागला, एवढ्या दोन ओळी त्याच चौकटीत छापाव्यात, अशी नम्र विनंती करते.

कळावे,
आपली विश्वासू,
द्रव्यगुण विषयाची एक निवृत्त प्राध्यापिका, नाशिक